एलुबाईचा तिसरा अंक

धान घरात आलं की आमचा हंगाम.
वडशाहून टेम्पो निघतो, पडदे, पेट्या, जनरेटर,
आणि यंदा त्यात दाटीवाटीनं एक फ्रान्स.

कापगते गुरुजींनी लिहिलाय, निवृत्तीनंतर.
अडीचशे वर्षांपूर्वीची कुणी सरदारीण, एलोईज.
नाव पोस्टरवर बसेना,
पेंटरनं 'एलुबाई' करून टाकलं.

घागऱ्याला आतून बांबूच्या कामट्या.
रुषी बुरडानं वाकवून दिल्या, म्हणाला,
आजवर कोंबड्या झाकाले डाले विणले,
बाई झाकाले हा पयलाच.
टोप अंबाडीच्या वाकाचा,
त्यावर नव्या तांदळाचं पीठ.
पहिल्याच प्रयोगाला पुढून एक म्हातारी ओरडली,
"काहून वो, पीठ डोक्यात घालतेस?
पोटात घालाचं राह्यते ते!"
मंडप हसला. विंगेत गुरुजी तेवढे हसले नाहीत.

चौदाव्या वर्षी मठातून काढून लग्न.
नवरा पलटणीत, वर्षातून दोनदा घरी,
तेवढ्यात सहा लेकरं.
दोन मठात, एक दर्यापार, एक देवीनं गेलं,
थोरलीचा नवरा जुगारात गढी हरला.
गुरुजींना सगळ्यांच्या तारखा पाठ.
मला धाकट्याचीच लक्षात राहते:
जन्मला त्याच दिवशी
दूरच्या खेड्यात दूधआईकडे धाडला.
महिन्याला पैसे जात. ती कधी गेली नाही.

माझा सात महिन्यांचा.
ब्रह्मपुरीजवळ, जावेकडे.
तिचंही अंगावर पितं आहे, दोघांना पुरते म्हणते.
मी दर सोमवारी मोबाईलवरून पैसे टाकते.
होळीला जाईन.

तिसऱ्या अंकात धाकट्याला परत आणतात.
दूधआई त्याला खाली ठेवते.
त्यानं एलुबाईकडे बघायचं, पिठाचं तोंड, कामट्यांचा घेर,
आणि किंचाळत दूधआईच्या पदरात शिरायचं.
मग माझं वाक्य,
"शिकेल तो मला ओळखायला."
आणि पाठ.

लेकरू आम्ही त्या त्या गावचंच मागून घेतो.
रडायचं काम, कुणीही करतं.
केशोरीला मिळालं ते फार लहान,
रात्रीचा दीड, थंडी, भुकेलेलं.
खाली ठेवलं तसं रांगत निघालं
दूधआईला सोडून, थेट माझ्याकडे,
कामट्यांना धरून उभं राहू बघत.
कळा आल्या. थांबवता येत नाहीत त्या.
आवळलेल्या चोळीतून दोन्हीकडे ओल पसरली,
हॅलोजनखाली, हजार माणसांपुढे.

प्रॉम्प्टर म्हणाला, शिकेल तो.
पुन्हा म्हणाला, शिकेल तो मला.
मी खाली बसले. रुषीची एक कामटी कडकन मोडली,
घेर तोंडापर्यंत वर आला.
पाठ फिरवली, तेवढं संहितेत होतं,
आणि पाजलं.

मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही.
पेटीवाल्यानं एक सूर धरला, तो सोडेचना.
लेकराची आई स्टेजच्या पायरीवर येऊन थांबली होती,
वर आली नाही.

चौथ्या अंकात मला गाडीत घालून वधस्तंभाकडे नेलं.
गावकऱ्यांचा बैल बिथरला, बाकी सगळं ठरल्यासारखं.

सकाळी शाळेच्या खोलीत कपडे झटकताना पाहिलं,
टोपावरचं पीठ गळून चोळीच्या ओलीत बसलेलं,
वाळून खळीसारखं कडक झालेलं.
नखानं खरवडलं, थोडं निघालं.
जावेला फोन लावला. रेंज नव्हती.
पुढचा मुक्काम बारा कोसांवर,
टेम्पोवाला हॉर्न मारत होता.