दुसऱ्यांदा

मथुरा तांडेल, दिवाळे गाव, वय एकसष्ट.
तेवीस वर्षांपूर्वी उघडलेली छाती,
मधोमध वीतभर पांढरी रेघ.
भूल देण्याआधी मी तिच्या उजव्या पाठीला एक पॅड चिकटवलं,
डाव्या बगलेखाली दुसरं.
"हे कशाला गो?"
म्हटलं, असू दे. लागलंच तर.

लागतं.
दुसऱ्या खेपेला हृदय मोकळं बसलेलं नसतं,
जुन्या जखमेनं त्याला हाडाशी सांधलेलं असतं,
ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीसारखं.
ओढून निघत नाही.
भोवतीचा गाळ काढायचा, बोटाबोटानं,
आणि हात आत पोचेपर्यंत
झटका द्यायचा तो बाहेरूनच.

डॉ. गुप्ते जुन्या तारा कापतात. सहा. मी मोजते.
करवत थांबते. सगळेच थांबतात.
रक्त नाही. पुढे.
मांडीतली रोहिणी उघडून तयार,
पंपावर सोनावणे, एक पाय स्टुलाच्या दांडीवर.

दहा चाळीस. कॉटरीचं टोक कुठेतरी टेकलं
आणि पडद्यावरचे डोंगर विरघळले,
नुसती थरथर.
"हात काढा," मी म्हणाले.
आठ हात हवेत. दोनशे ज्यूल.
तिचे खांदे चादरीसकट उचलले गेले.
काही नाही.
पुन्हा.

मग एक ठोका.
मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे दोन सेकंद.
मग दुसरा.
अमिओडॅरॉन चालू केलं, पोटॅशियम पाहिलं,
थोडं मॅग्नेशियम.
गुप्ते "चला" म्हणाले
आणि परत गाळ काढायला लागले.

झडप बदलली ती गोष्ट मी सांगत नाही,
ती सगळेच सांगतात.

चौथा दिवस. आयसीयूच्या खिडकीत
पाम बीचचा रस्ता, त्यापलीकडे खाडी.
तिच्या बरगडीखालून निघालेल्या दोन निळ्या तारा
आणि उशाशी डबी. आकडा ऐंशी.
इतके दिवस हे ऐंशी डबीचे होते.
मी चकती खाली आणते. साठ. पन्नास. तीस.
तिचं स्वतःचं काही आहे का, बघायला.
दोन ठोक्यांच्या मध्ये लांब सपाट रेघ.
माझा अंगठा मागे वळायला लागलेला.
तिनं तो पाहिला.

"थांब गो," ती म्हणाली, "येल."

आला.
बारका, जरा उशिराचा, डबीचा नव्हे.
त्याच्यामागून अजून एक.

डबी मी काढली नाही.
त्या रात्री तशीच ठेवली, तिसावर,
पहाऱ्याला.