रकाना

नंदनवनात प्रज्वलच्या गच्चीवरची खोली.
कूलर गुरगुरतो, कागद उडतात,
म्हणून प्रत्येकाच्या कागदावर एकेक कैरी.

हितेंद्र बँकेत कारकून, त्याला कुऱ्हाड हवी.
"डोकं कमी ठेव बे, ताकद वाढव,"
फासे तीनदा टाकतो,
चौथ्यांदा माझी नजर चुकवून.
यामिनीची चेटकीण, तिला आईबाप नकोत.
"मेलेले लिही. नाहीतर फोन करत राहतील."
प्रज्वल अजून नावावरच अडलाय,
सुचलेली सगळी त्याला
खोकल्याच्या औषधासारखी वाटतात.

सुनयना मेश्राम पेन्सिल चावते.
नाव झालं, वय झालं,
उजव्या गालावर वार झाला.
तिसरा रकाना कोरा.

कागद मीच मराठीत केला होता,
रात्री, घाईघाईत:
मनुष्य, बुटका, यक्ष,
आणि वर मथळा, जात.

"हे काहून पाहिजे?"

मी म्हटलं, नियम आहे.
बुटक्यांना अंधारात दिसतं, माणसांना नाही.
गुहेत उतरल्यावर मला ठाऊक हवं
कोणाला काय दिसतंय.

कूलरचं पाणी संपलं, नुसता पंखा खडखडला.
कोणी उठलं नाही.

तिने कैरी बाजूला सरकवली,
पट्टी मागितली,
रकान्यावर एक आडवी रेघ मारली, सरळ,
आणि खाली सामानाच्या यादीत लिहिलं:
कंदील, एक.
तेल, चार रात्रींचं.

तेलाच्या तीन मोहरा होतात, मी म्हटलं.
तिने थैलीतून तीन खोडल्या, मोजून.

"चाल," म्हणाली, "उतरव गुहेत."