पडवीतला बाक

पाटी लिहायची आहे, चाळीस शब्दांत.
ट्रस्टचा नियम : चाळीसच, आणि विशेषणं नकोत.

वेंगुर्ल्याचं तिरोडकरांचं घर
आता सोमवारी बंद, शाळांना फुकट.
चिरे धुतले, वाशांना काजूबियांचं तेल पाजलं,
कौलं उतरवून, मोजून, पुन्हा चढवली.
साठ नवी आहेत, ती लांबून कळतात,
जूनमधल्या गणवेशासारखी.

आमदारांची खोली सोपी गेली :
काठी, चष्मा, प्रचाराचा भोंगा,
दोन पिढ्यांच्या शपथांचे फोटो.
तुरुंगातली ताटलीसुद्धा सोपी.

अडले ती इथे.
फणसाचा बाक, साडेसात फूट.
लोक अर्ज घेऊन बसायचे,
पहाटेपासून, साहेबांची आंघोळ होईपर्यंत.
लाकडात पाच खळगे पडलेत.
सगुण मेस्त्री म्हणाला, रंधा मारतो, आरसा करून देतो.
म्हटलं, हात लावून तर बघ.

खांबाकडचा खळगा माझ्या बापाचा असावा.
पुरावा नाही.
रापण ओढून कंबर गेलेली,
तो उजवीकडे कलून बसायचा.
एकोणीस खेपा घातल्या त्याने,
आमच्या वाडीला धक्का हवा म्हणून.

माळ्यावर अर्जांचे गठ्ठे निघाले, सुतळीने बांधलेले.
काहींवर लाल शाईत : 'केले'.
बऱ्याच जणांवर काहीच नाही.
बापाचा शोधायला दोन दिवस गेले, रजा टाकून.
अक्षर गुरुजींचं, अंगठा त्याचा,
वर लाल शाई :
'पाहू'.

धक्का अजून नाही.
आणि हेही खरं, की त्याला विंचू चावला त्या रात्री
याच घरची जीप
सावंतवाडीपर्यंत हॉर्न वाजवत गेली,
डिझेलचे पैसे कुणी मागितले नाहीत.
हे दोन्ही चाळिसात कसं बसवू?

साहेबांच्या नातीला फोन केला.
दोनदा पडलेली बाई, हसली :
"असेल ते लिहा. फक्त शुद्धलेखन तपासा."

आज उभादांड्याची चौथी आली होती.
सगळी तुरुंगाच्या ताटलीभोवती.
एक मुलगी मात्र दोरीपाशी :
"बाई, हय बसलेला चालात?"
दोरी सोडली. म्हटलं, बस,
पण मी सांगेपर्यंत उठायचं नाही.

मग अख्खी चौथी बसली, दाटीवाटीने,
पाय जमिनीला न टेकलेले.
चार मिनिटांत चुळबुळ :
"बाई, कोण येतला?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.
सवयीने.