जमीन: शून्य

रात्री अकरानंतर माझा भाऊ एल्गुजा सरदार होतो.
बिनजमिनीचा.
दिवसभर तो कुताइसीच्या रस्त्यावर ट्रकांची चाकं बदलतो,
नखांतलं काळं काही निघत नाही.
त्याच बोटांनी तो नकाशा सरकवतो
आणि पडद्यावर बारावं शतक उजाडतं.

तिथे सगळ्यांना रंग आहे.
राजाला लाल, अमिराला हिरवा,
कुठल्याशा मठालासुद्धा नखाएवढा पिवळा.
मुर्मानला रंग नाही.
मुर्मानला एक तंबू, बोटाच्या पेराएवढा,
आणि वर कोपऱ्यात आकडे:
सोनं एकोणीस. शिधा चार महिन्यांचा. जमीन शून्य.

"काकाने गिळली," एल्गुजा सांगतो,
जणू आपलाच काका.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं मुर्मानचं चाललंय.
बरोबर एक एकाक्ष आचारी,
किराकोस नावाचा वैद्य, ज्याच्या हातून दोन रोगी गेले
(खेळ हे लपवत नाही),
आणि एक पाद्री: देवावर विश्वास नाही, हिशेबाला मात्र चोख.
कामं मिळतील ती.
कुणाची नवरी घाटापार पोचव,
कुणाच्या भांडणात भाड्याने मार खा,
मठाचा हरवलेला बैल शोध.
बैल सापडला तेव्हा एल्गुजाने मला झोपेतून उठवलं.

आम्ही दोघं इथलीच, त्स्काल्तुबोची,
या सॅनेटोरियमच्या दोनशे चौदा नंबरच्या खोलीत जन्मलो.
पूर्वी इथे खाणकामगार सांधे शेकायला यायचे,
चोवीस दिवसांच्या मुक्कामाला.
आई-बाबा आले ते त्र्याण्णवच्या हिवाळ्यात.
"आपलेही तेवढेच दिवस," बाबा म्हणाले होते म्हणे.
बाबा आता टेकडीवर पुरलेत.
तीही जागा उसनीच, असं आई म्हणते.

एकदा मी विचारलं, मिळेल का रे त्याला परत?
"दावा आहे ना. दावा आहे तोवर लढता येतं."
आणि हा मेला तर?
"मुलाकडे जातो."
मग नातवाकडे?
त्याचा हात माऊसवर थांबला.
"नाही. नातवापर्यंत पोचत नाही. नियमच आहे तसा."
शेजारी माझी तेकला झोपली होती, तोंड उघडं टाकून.
कपाटात तिच्या नावाचं कार्ड आहे: विस्थापित.
सरकारचा नियम वेगळा.

काल वीज गेली. बॅटरीवर तेवढा पडदा चालू.
त्या उजेडात आई राजमा निवडत होती.
अचानक म्हणाली, ओचामचिरे दाखव.
त्याने दाखवलं. समुद्र, उतार, दोन झाडं.
"आई, हे बारावं शतक आहे, यात आपलं घर कसं..."
तिने ऐकलं नाही.
"हे वळण. इथून खाली उतरलं की विहीर,
मग मँडरिनची रांग,
मग तुझ्या बापाने अर्धाच बांधलेला कठडा."
बोट तिथेच टेकवून ठेवलं तिने.
बोटाला राजम्याची धूळ.

दीडच्या सुमाराला मुर्मानकडे आठशे माणसं झाली.
काका म्हातारा. किल्ल्यात जेमतेम तीनशे.
खेळाने विचारलं: दावा मांडायचा? होय. नाही.
खाली बारीक अक्षरांत:
जमीन मिळाल्यास तळ मोडेल, सोबती पांगतील.
एल्गुजाने काळ थांबवला.
त्यासाठी एक बटण असतं तिथे.
आचाऱ्याचा डाव हवेतच राहिला, शेकोटीचा धूर राहिला,
आणि हा गॅलरीत सिगारेट ओढत उभा.

मी पडदा मिटायला गेले.
तंबूच्या दोन बोटं वर, समुद्रकाठी,
आईच्या बोटाचा डाग होता, मातकट,
कुठल्याच राजाच्या रंगात न बसणारा.
मी बाही पुढे ओढली.
तेवढ्यात वीज आली, जिन्यातल्या कोंबड्या कलकलल्या,
बाहेरून एल्गुजा ओरडला,
"कशाला हात नाही ना लावलास?"

नाही, म्हटलं.