दहा नंबरचा पाना

घोगळेकाकांच्या बाल्कनीत, नेरूळला,
प्लायवूडची एक फळी होती.
तिच्यावर लाल रंगानं भरलेली
एकेका हत्याराची आकृती.
पक्कड टांगली की झाकली जाई,
काढली की पकडीएवढी लाल जागा उरे.

रोज रात्री जेवणानंतर मोजत.
बत्तीस.
मग दिवा बंद.

कान गेलेले. इंजिनांनी नेले, म्हणत,
जावयानं छत्री नेली हे सांगावं
तितक्याच तक्रारीनं.
खाडीपलीकडून विमान उठलं की
ग्रिलवर तळवा ठेवत,
आणि जरा वेळानं म्हणत, "ठीक आहे."
कुणाला, ते कळायचं नाही.

सोसायटीच्या फाटकाचा बोल्ट
त्यांनी तारेनं बांधला, तो अजून तसाच.
तार अशी पिळायची, दाखवलं होतं मला,
की नटानं सुटायचं मनात आणलं
तर तो आवळलाच जावा.

विमानात किती वेळा बसलात?
मी वहीवर लिहून विचारलं.
"बसलो नाही. सोडलं."
मग चहा गार होईपर्यंत एकाहत्तरचा डिसेंबर:
त्यांच्या सहीनं गेलेलं एक विमान आलं नाही.
रात्रभर ते हँगरात हत्यारं मोजत बसले,
एखादं आत राहिलं असेल तर.
सगळी होती. चार वेळा मोजली.
"म्हणजे माझ्यामुळे नाही," म्हणाले,
आणि लगेच, "पाचव्यांदाही मोजली."
वैमानिकाचं वय सांगितलं, तेवीस.
नाव नाही.

पुढे ओझरचा कारखाना, निवृत्ती, पेन्शन,
हे सगळं जिन्याखालच्या फळ्यावर होतं,
फोटोसकट, एक तारीख चुकलेली.

फळ्यावर नव्हतं ते माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे.
एप्रिलात मागून आणला, उद्या देतो म्हणालो.
जिन्यात भेटले की दहा बोटं वर करत,
शरण आल्यासारखी, आणि हसत.
मी मान हलवायचो.
त्या तीन महिन्यांत त्यांच्या बाल्कनीतला दिवा
फार उशिरापर्यंत असायचा.
मला वाटलं, म्हातारपण, झोप येत नसेल.

काल घेऊन गेलो.
बाल्कनीला नवा रंग. हत्यारं भंगारात तोलून दिली,
मुलगी म्हणाली, बरे पैसे आले.
एकतीस, मी म्हणालो.
ती म्हणाली, काय?

खाली आलो. वरून एक विमान चाललं होतं, दिवे लावून.
फाटकावर तळवा ठेवून पाहिला.
गार होतं.
बाकी मला काही कळलं नाही.