पाच पौंडांचा उजेड

हल शहर, होल्डरनेस रोड, दुसरा मजला.
वृद्धाश्रमातली पाळी संपवून
आम्ही दोघी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडतो
आणि देश मोजत बसतो.

अडवोआ म्हणते, तामालेत नळ
आठवड्यातून दोनदा.
मी म्हणते, जालन्यात दहा दिवसांतून एकदा,
आणि जिंकल्यासारखी हसते.
काय जिंकले, कोण जाणे.

तिच्याकडे दवाखाना सोळा मैलांवर.
माझ्याकडे दवाखाना दारात,
डॉक्टर सोळा मैलांवर.
तिचा भाऊ पदवीधर, फोनची कार्डं विकतो.
माझ्या भावाकडे पदव्या दोन.
तो काही विकतही नाही.

वीज जाण्याला तिच्याकडे शब्द आहे : दुमसोर.
विझव-पेटव, असा काहीसा अर्थ.
माझ्याकडे भारनियमन,
उच्चारतानाच साहेबाची सही लागेल असं.
तिचाच बरा. मी तो दोनदा म्हणून पाहते,

तेवढ्यात खट्.
मीटरमधले पैसे संपले.
उसने मिळतात ते पाच पौंडही
काल हीटरनं खाल्ले.

समोरच्या खिडकीत टीव्ही चालूच.
कुणीतरी कुत्र्याला बिस्किट देतंय.
अंधार फक्त आमच्या नावावर.

आमच्याकडे निदान, अडवोआ म्हणते,
अख्खी गल्ली एकदम ओरडायची.
आमच्याकडेही, मी म्हणते.
पहिल्यांदाच बरोबरी.

मग आम्ही ओरडून पाहतो, दोघीच,
हळू,
खालची मिसेस प्रॉक्टर जागी होईल म्हणून.

कोपऱ्यावरचं दुकान सातला उघडतं.
बादलीतलं पाणी निवत चाललंय.
अंधारात ती विचारते,
मग तुझा भाऊ करतो तरी काय?