उलाळ

तक्रार तीन ओळींची.
मागं फणी जोडली की गाडी ऐकत नाही.
हँडल वळतं,
गाडी सरळच जाते.
खाली फोटो: पांढरं, नुसतं पांढरं,
आणि त्यात दोन पट्ट्यांवर ओणवं एक यंत्र,
मागं लोखंडी फणी,
अंगण सारवायला बसल्यासारखं.

उद्यमबागेत आम्ही पाच जण.
बर्फ म्हणजे आमच्या लेखी रसाच्या गाड्यावरची लादी,
गोणपाटातली, भुसा चिकटलेली.
लुमाण्णा सोडून.
तो सतरा वर्षं पलटणीत होता,
डाव्या पायाची दोन बोटं वरच ठेवून आलाय.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला,
फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला.
"उलाळ हाय ही," म्हणाला,
"दुसरं काय न्हाई."

झालं. मला कडोलीचा चढ दिसला,
बटाट्याची पोती मागं जास्त पडलेली,
जू मानेवरून उचललेलं,
बैल चालतायत
पण गाडी आता त्यांची नाही.
तिथं गाडीवान पुढं सरकून बसतो.
तू कुठं सरकणार, अनोळखी माणसा,
रात्री अडीचला, वाट सपाट करताना,
उद्या त्यावरून कोण जाणार हे ठाऊक नसताना?
तेव्हा पायच बदलू, म्हटलं.

पट्टी दोन इंच रुंद केली, बुडू नये म्हणून.
तळाचा कणा खोल केला, घसरू नये म्हणून.
कागदावर हे दोन्ही शहाणे दिसत होते.

खानापूरला राइस मिलच्या मागं तुसाचा ढीग आहे,
दुपारच्या उन्हात डोळे दिपवतो.
तिथं सांगाडा उभा केला, मागं कुळव बांधला,
ट्रॅक्टरला दोर,
हँडलवर लुमाण्णा.
पाय थेट ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीत शिरला
आणि निघेचना.
चाकोरी पुसायला केलेली वस्तू
चाकोरीतच सुखानं नांदायला लागली.
लुमाण्णा उडाला, तुसात कमरेपर्यंत गेला,
आधी पलटणीच्या हिंदीत शिव्या दिल्या,
मग घरच्या मराठीत,
आणि खरा राग आल्यावर कन्नडात.

शिवलिंगप्पा मिलिंगवर बसला.
एका खोल कण्याच्या जागी दोन बुटके.
मी म्हणायचो पुरे, तो म्हणायचा इन्नू स्वल्प,
आणखी केसभर,
आणि लोखंडाचा कीस कुरळा होऊन पडायचा.
कार्बाइडचे तुकडे शमशादनं बसवले,
जोंधळ्याएवढे, चांदीच्या झाळानं,
श्वास रोखून, एकेक,
कुणाच्या तोंडात दात बसवावेत तसे.
मध्येच लाइट गेली. चहा झाला.
पुन्हा लाइट आली तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

चौथ्या खेपेला
लुमाण्णानं हँडल जरासंच वळवलं,
आणि तुसावर एक रेघ उमटली,
वाकडी, स्वच्छ,
जुन्या चाकोरीला आडवी छेदून पलीकडे गेलेली.
मागं कुळव मुकाट्यानं वळला.
लुमाण्णा उतरला, रेघेच्या कडेनं चालत गेला,
लंगडत,
उकिडवा बसून तिच्यावर हात फिरवला.
वर काय झालं होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही.
आज फक्त म्हणाला,
"तेव्हा असला पाय पायजे हुता."
आणि पँट झटकत राहिला, बराच वेळ.

पेटी काल गेली.
पट्ट्यांभोवती वर्तमानपत्रं कोंबली, हाताला लागतील तशी,
एक मराठी, एक कन्नड,
दोन्हींत पहिल्या पानावर तोच मोर्चा,
गर्दीचा आकडा मात्र वेगळा.
बोल्ट आवळायला घेशील तेव्हा बघ,
डाव्या पट्टीच्या मागच्या भोकात
एखादं तूस अडकलेलं असेल.
घाण नाही ती.
फुंकर मार, निघेल.